शिंकांवर अननसाची गोळी?

ॲलर्जीच्या शिंकांवर उपाय म्हणून अननसातल्या ब्रोमेलेनच्या गोळ्या विकल्या जातात. हे ब्रोमेलेन काय करतं? जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला, की ती गोठतच नाही. फळातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम जिलेटिनच्या प्रथिनांचे तुकडे करून टाकतं. डबाबंद अननसाने मात्र जेली व्यवस्थित गोठते, कारण उष्णतेने ब्रोमेलेन निकामी झालेलं असतं. गोळ्यांतलं ब्रोमेलेन तर बहुधा फळातून नाही, अननसाच्या खोडातून काढलेलं असतं. त्यामुळे फोडी खाऊन नाक मोकळं होईल ही आशा सोडलेलीच बरी.

मग गोळ्यांचं काय? पुरावा आहे, पण बराचसा उंदरांचा. २००५ साली कनेटिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी अंड्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी जडवलेल्या उंदरांना ब्रोमेलेन दिलं. त्यांच्या श्वसनमार्गातल्या इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत गर्दी करणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी झाल्या.

माणसांवरचा अभ्यास त्याच वर्षी जर्मनीतून आला. सायनसला सूज आलेली ११६ मुलं. फक्त ब्रोमेलेन घेणाऱ्यांचा त्रास सरासरी ६.६६ दिवस टिकला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा ७.९५ दिवस. फरक सव्वा दिवसाचा! पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तुलनेला औषध नसलेली गोळीही नव्हती. शिवाय सायनसची सूज वेगळी, परागकणांची ॲलर्जी वेगळी. ॲलर्जीच्या सर्दीसाठी नाकात मारायच्या स्टिरॉइड स्प्रेला मोठमोठ्या चाचण्यांचं पाठबळ आहे, तसं ब्रोमेलेनला नाही.

खरी गंमत पुढेच आहे. घरातल्या धुळीत माइट नावाचे सूक्ष्म जीव राहतात. त्यांच्या विष्ठेतलं 'डर पी १' हे प्रथिन कित्येकांच्या शिंकांचं आणि दम्याचं कारण असतं. तेही एन्झाइमच, आणि ब्रोमेलेनच्याच कुळातलं! याच कुळातलं पपईचं पपेन उंदरांच्या नाकात सोडून संशोधक ॲलर्जी मुद्दाम घडवून आणतात. ब्रोमेलेनची भुकटी हाताळणाऱ्या कामगारांना दमा जडल्याच्याही नोंदी आहेत. ॲलर्जीवर उपाय म्हणून जे विकलं जातं, तेच श्वासातून आत गेलं तर ॲलर्जी देऊ शकतं. जाहिरातीत हे येत नाही, यात नवल ते काय!

ब्रोमेलेन टाकाऊ मात्र नाही. खोल भाजलेल्या जखमेवरची मृत त्वचा काढण्यासाठी त्यापासून बनवलेल्या औषधाला युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तिथे त्याचं प्रथिनं तोडण्याचं कसब थेट कामी येतं.

गोळी घ्यायचीच असेल, तर अननसाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती टाळावी. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि दम्याचा इनहेलर या गोळीच्या भरवशावर बंद करू नये.