न दिसलेले मुखवटे

श्रोतेहो, इसवी सन 22 मध्ये रोममध्ये ज्युनिया नावाची एक वृद्ध, खानदानी स्त्री वारली. ती ब्रूटसची बहीण आणि कॅशिअसची विधवा, म्हणजे ज्युलिअस सीझरच्या मारेकऱ्यांच्या दोन्ही म्होरक्यांची जवळची नातलग. बड्या घरच्या अंत्ययात्रेत पूर्वजांचे मुखवटे मिरवण्याची तिथे प्रथा होती. त्या दिवशी वीस थोर घराण्यांचे मुखवटे निघाले, पण या दोघांचे नव्हते. आणि इतिहासकार टॅसिटस लिहितो की, दिसत नव्हते म्हणूनच ते सर्वांत अधिक झळकत होते. ज्युनियाने मृत्युपत्रात शहरातल्या जवळजवळ सर्व मान्यवरांची आठवण ठेवली आणि सम्राट टायबेरिअसला तेवढे वगळले. त्याने ते मनाला लावून घेतले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

तीनच वर्षांनी क्रेमुशिअस कॉर्डस या इतिहासलेखकावर खटला भरला गेला. ब्रूटसची स्तुती केली आणि कॅशिअसला ‘शेवटचा रोमन’ म्हटले, हा त्याचा गुन्हा. आरोप करणारे दोघे सेजानसचे आश्रित होते. सेजानस हा सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख. सेनापती पाँपीने रोममध्ये बांधलेल्या नाट्यगृहात त्याचा पुतळा बसवायचे ठरले, तेव्हा ‘नाट्यगृह खरे आता बुडाले’ असे कॉर्डस बोलून गेला होता, ही हकिकत तत्त्वज्ञ सेनेकाने दिली आहे. सत्ताधाऱ्याला टीकेपेक्षा टोमणा अधिक झोंबतो, असे मला वाटते. कॉर्डसने अन्नत्याग करून प्राण सोडला आणि त्याची पुस्तके जाळण्याचा हुकूम सिनेटने दिला.

ही तीच सिनेट, जिच्या सभागृहातून बाहेर पडताना ‘गुलामीला किती आतुर आहेत ही माणसे!’ असे खुद्द टायबेरिअस पुटपुटत असे. ज्याच्यासाठी हा सगळा लाळघोटेपणा चालला होता, त्यालाच त्याचा वीट आला होता. तरी त्याने तो थांबवला मात्र नाही. इसवी सन 31 मध्ये सेजानसवर सम्राटाची मर्जी खप्पा झाली आणि त्याच सिनेटने एका दिवसात त्याला देहदंड दिला. त्याचे पुतळे वितळवून त्यांची भांडी झाली, त्यांत मलमूत्राचीही होती, असे कवी जुवेनाल सांगतो.

कॉर्डसची मुलगी मार्शिया हिने पुस्तके जपली आणि पुढचा सम्राट कॅलिग्युला याच्या परवानगीने ती पुन्हा प्रसृत झाली. आजच्या सत्तेच्या जोरावर उद्याची स्मृती पुसता येते असे मानणाऱ्यांच्या मूर्खपणावर टॅसिटस इथे हसतो. मला मात्र तितके मोकळे हसू येत नाही, कारण वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलिअन सांगतो की, ज्या मजकुराने कॉर्डसचा घात केला तो त्या पुस्तकांतून कापलेला होता. आता तर मूळ इतिहासाचे थोडे तुकडेच उरले आहेत, आणि ‘शेवटचा रोमन’ हे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः त्यांवरून खटला झाला म्हणून.