कूलरचा पत्रा आणि डिझेलची टाकी

श्रोतेहो, नमस्कार.

भरली गाडी घेऊन रात्री कुरई घाट चढलेल्या माणसाला तिथली गत वेगळी सांगायला नको. नागपूरहून जबलपूर रोडनं निघायचं, मनसर, देवलापार मागे टाकायचं, खवाशाला मध्य प्रदेशची हद्द ओलांडली की पेंचचं जंगल आणि पुढे घाट. आंबिया बहाराची संत्री भरून चाललेली माझी २००४ सालची सोळा-तेरा, म्हणजे टाटाचा १६१३ ट्रक, त्या घाटात दम टाकायला लागली. सपाटीवर काही तक्रार नाही. चढ लागला, रेस दिली, की गाडी आणखीच मरायची. शेवटी कडेला घेतली. ड्रायव्हरनं टॉर्च क्लीनरच्या हाती दिला, फिल्टरची वाटी खोलली आणि तिच्यातलं डिझेल तळहातावर ओतून माझ्यापुढे धरलं. चहा गाळल्यावर गाळणीत उरतो तसा तांबूस गाळ, आणि त्यात पाण्याचे दोन थेंब, डिझेलपासून फटकून राहिलेले, मोत्यासारखे गोल. "टाकी सडली भाऊ," तो म्हणाला. मागे झाडीत काहीतरी खसफसलं. आम्ही फिल्टर बदललं, हातपंप मारून हवा काढली आणि निघालो. त्या रात्री आणखी दोनदा असंच थांबावं लागलं.

जुन्या ट्रकला नवी टाकी कोणती घ्यावी आणि ती कशी बसवावी, याबद्दल आज बोलायचं आहे. मी मिस्त्री नाही, गाडीमालक आहे. चुका माझ्या पैशानं झाल्या, म्हणून पक्क्या लक्षात आहेत.

पण गाडीनं दम टाकला म्हणजे टाकीच गेली असं धरून चालू नका. त्याआधी काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पंपावर डिझेल भरताना झाकण हरवलं. ड्रायव्हरनं रस्त्यातल्या एका दुकानातून मापात बसेल ते झाकण घेतलं. तेव्हापासून गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर चालायची आणि बंद पडायची. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा चालू. मी नव्या टाकीचे पैसे जमवून नागपूरजवळच्या वाडीला आमच्या मिस्त्रीकडे गेलो. तो हसला. "कायले टाकी घेता जी? झाकण पाहा ना पहिले!" त्यानं गाडी चालवून आणली आणि इंजिन बंद होताच झाकण सैल केलं. फुस्सकन आवाज झाला. हवा बाहेर आली नव्हती, आत गेली होती.

टाकीतून डिझेल जितकं ओढलं जातं तितकी हवा आत यावी लागते. कित्येक गाड्यांत ती वाट झाकणातच असते, सुईएवढं भोक. आम्ही आणलेल्या झाकणाला ते नव्हतं. इंजिन ओढतंय, हवा येत नाही, म्हणजे आत पोकळी. हिशोब करून पाहा. टाकीची मोठी बाजू ८० सेंटिमीटर बाय ४५, म्हणजे ३,६०० चौरस सेंटिमीटर. आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा दहावा हिस्सा जरी कमी झाला, तरी त्या एका पत्र्यावर बाहेरून साडेतीन क्विंटलच्या वर भार पडतो. माझ्या टाकीची बाजू आत दबली होती आणि मी ड्रायव्हरला विचारत होतो, कुठं ठोकलीस म्हणून. भोक धुळीनं बुजलं तरी हेच होतं. कोळशाच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी, उमरेड-सावनेरकडच्यांनी, महिन्यातून एकदा झाकणाला फुंकर मारून पाहायला हरकत नाही.

या वेळी मात्र झाकण नव्हतं, टाकीच होती. आणि ती सडली होती माझ्यामुळे. संत्र्याचा हंगाम संपला की माझी गाडी महिनोन्महिने उभी असायची, टाकी पाव भरलेली. वरच्या रिकाम्या जागेत दमट हवा. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो, आतल्या बाजूला दव धरतं. हे पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. तिथं गंज सुरू होतो आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी-जंतू वाढतात, काळ्या शेवाळासारखा लगदा होतो. तळाच्या नटातून महिन्यातून एकदा वाटीभर डिझेल काढलं असतं तर पाणी दिसलं असतं. तो नट मी वर्षानुवर्षं खोललाच नव्हता. खोलायला गेलो तर पान्याखाली गोल झाला.

बाहेरून सडते ती पट्ट्याखाली. टाकी ज्या लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते, त्यांच्याखालचं रबर वाळून चिरतं, त्यात माती भरते, पावसाळ्यात ती ओली राहते. वरून रंग छान, पट्टा काढला की पत्र्याला बोटानं भोक पडतं.

भोक पडलं की आधी साबण लावतात, मग एम-सील, मग कोणीतरी म्हणतं, वेल्डिंग मारून घे. श्रोतेहो, इथं मी जरा आवाज चढवून बोलतो. डिझेलच्या टाकीला रस्त्यावर वेल्डिंग मारू नका. ‘रिकामी तर आहे’ हेच लोक म्हणतात. भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक. आतल्या पत्र्याला डिझेलचा थर चिकटलेला असतो, वेल्डिंगच्या आचेनं त्याची वाफ होते, आत हवा असतेच, मग टाकीचा बॉम्ब होतो. कोणी पाणी भरून करतं, कोणी दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर आत सोडून. शंभर वेळा जमतं म्हणून एकशेएकाव्यांदा जमेलच असं नाही. आणि ज्या टाकीचा तळच पातळ झालाय, तिच्या एका भोकाला ठिगळ लावून काय मिळणार? शेजारी दुसरं पडतं.

तर नवी टाकी. माझी जुनी ८० बाय ४५ बाय ४५, म्हणजे १६२ हजार घन सेंटिमीटर, १६२ लिटर. कोपरे गोल म्हणून थोडी कमी. दुकानदार म्हणाला, शंभर बाय साठ बाय पन्नासची घ्या, ३०० लिटर, एकदा भरली की जाऊन या. मोह पडतो. डिझेल जीएसटीत नाही, राज्याराज्यात कर वेगळा, जिथं स्वस्त तिथं भरून घेता येतं. पण एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम. तीनशे लिटर म्हणजे अडीचशे किलो, जिथं आधी एकशे तेहतीस किलो होतं तिथं. तेही जुन्या चेसिसच्या एकाच बाजूला, वीस वर्षं खड्डे खाल्लेल्या ब्रॅकेटवर, म्हणजे टाकी पेलणाऱ्या लोखंडी आधारावर. शिवाय कंपनीनं दिलेल्या गाडीत असा फेरफार परस्पर करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नं मज्जाव आहे. मोठी किंवा दुसरी टाकी लावायची तर आधी आरटीओत विचारा. माझं मत सरळ आहे. जुन्या गाडीला जुन्याच मापाची टाकी घ्या आणि वाचलेले पैसे झाकण, रबर, फ्लोट (डिझेल किती आहे ते काट्याला कळवणारा तरंगता भाग) आणि पाइपवर घाला. टाकी बहुतेक वेळा त्या बारक्या वस्तूंपायीच मरते.

मी मात्र तेव्हा एवढा शहाणा नव्हतो. मापाची टाकी लगेच मिळेना, तेव्हा शहरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं सांगितलं, बनवून देतो, कूलरचा पत्रा वापरू, जन्मात गंजणार नाही. नागपूरच्या माणसाला हे पटतंच. मे महिन्यात ज्या शहरात घरोघरी कूलर घोंघावतो, तिथं जस्ताच्या पत्र्यावर आपला देवापेक्षा जास्त विश्वास. कूलरच्या पाण्याला तो पत्रा ठीक आहे. डिझेलला नाही. डिझेल जुनं होताना त्यात थोडी आम्लं तयार होतात, ती जस्ताला खातात आणि साबणासारखा चिकट पदार्थ होतो. तो फिल्टरमध्ये, तिथून सुटला तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये. माझ्या गाडीचे नोझल वर्षभरात उतरवावे लागले आणि टाकी पुन्हा बदलावी लागली. दोष त्या माणसाला देत नाही, तो कूलर उत्तम बनवतो.

साधा पोलादी पत्रा, आतून डिझेलला चालणारा थर दिलेला, बाहेरून प्रायमर आणि रंग, हा जुन्या ट्रकला सगळ्यात सोयीचा. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि टिकाऊ, पण लोखंडी पट्टा थेट टेकला की ओलाव्यात दोन धातूंचं जुळत नाही, तिथंच खड्डे पडतात. आणि फाटलं तर आडवाटेला जोडणारा सापडत नाही. प्लास्टिकची टाकी तुमच्या मॉडेलसाठीच बनलेली असेल तर घ्या, नसेल तर नाही.

विकत घेण्याआधी फ्लोटच्या भोकातून टॉर्च टाकून आत बघा. आडव्या प्लेटी दिसल्या पाहिजेत. त्या नसतील तर ब्रेक मारला की सगळं डिझेल पुढे धावतं, वळणावर एका बाजूला जातं, पाइपाचं तोंड उघडं पडतं आणि इंजिन हवा घेतं. ओढणारा पाइप तळापासून बोटभर वर हवा. टेकलेला असेल तर गाळ ओढेल. फार वर असेल तर पंधरा लिटर डिझेल कायम टाकीतच. इंजिनाकडून उरलेलं डिझेल परत आणणारा पाइप त्याच्यापासून लांब, आणि खाली उतरलेला. वरून धार पडली की फेस होतो.

नवी टाकी नवी आहे म्हणून स्वच्छ असते असं नाही. बनवतानाचा कीस, वेल्डिंगचे मणी आत असतात. पाण्यानं धुऊ नका. पाच लिटर स्वच्छ डिझेल घाला, दोघांनी धरून चांगली हिंदकळा आणि पांढऱ्या पंचातून गाळून काढा. आम्ही केलं तेव्हा पंचावर काळी रवाळ रेघ उमटली. मिस्त्रीनं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक खालून फिरवलं, तर ती रेघ मुंग्यांसारखी चालायला लागली. दुसऱ्यांदा धुतली, तिसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पंचा कोरा निघाला.

बसवताना आधी बॅटरीची तार काढा. ब्रॅकेट घासून चिरा बघा, कारण हीच वेळ आहे, पुन्हा दिसणार नाही. ब्रॅकेटवर आणि पट्ट्याखाली नवं रबर, पूर्ण लांबीचं, तुकडे जोडून नाही. पट्टा इतकाच आवळा की टाकी हलणार नाही पण रबर बाहेर फुगणार नाही. फ्लोटखाली डिझेलला चालणारंच पॅकिंग घाला. टायरच्या ट्यूबचा तुकडा कापून लावला तर तो डिझेलनं फुगतो. सिलिकॉनची ट्यूबही नको, डिझेलमध्ये ते मऊ पडून सुटतं. पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टला तांब्याचे वॉशर नवे. टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय नळवाल्यांना शोभते, इथं तिचे धागे थेट पंपात जातात. डिझेलचा पाइप सायलेन्सरपासून किमान ३५ मिलिमीटर लांब असावा, असं १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. मी हात आडवा जाईल एवढी जागा ठेवतो.

ओढणाऱ्या पाइपाचा एक खोडसाळपणा सांगतो. त्याचा जोड सैल असला तरी डिझेल टपकत नाही, कारण तिथं आत ओढ असते. तो हवा घेतो. कोरडा जोड बघून आपण म्हणतो, ठीक आहे. म्हणून पहिल्या दिवशी फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी लावून इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर जोड पुन्हा बघा, नाही दिसले तर नळी काढून कायमचा पाइप लावा.

आणि गळ्यापर्यंत भरू नका. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल गार असतं. पंचवीस अंशांवरचं १६० लिटर डिझेल आपल्या मेमधल्या ४५ अंशांना आलं की अडीच लिटरच्या आसपास फुगतं. ते मग झाकणातून येतं, पत्र्यावर ओघळतं, त्यावर धूळ बसते, आणि रोज सकाळी माणूस टाकी गळते म्हणून रडतो.

शेवटचं काम माझ्या ड्रायव्हरनं स्वतः केलं. डिझेल दाखवणाऱ्या काट्यावर त्याचा विश्वास नाही. त्यानं बांबूची एक कामटी तासली, टाकीत मापानं वीस-वीस लिटर ओतत गेला आणि प्रत्येक वेळी कामटी बुडवून ओल्या रेघेवर ब्लेडनं खाच पाडली. आठ खाचा झाल्या. मग काट्याशी ताडून पाहिलं, तर तो निम्मा दाखवत होता तेव्हा टाकीत साठच लिटर होते, फ्लोटची दांडी जुन्या टाकीची होती. दांडी वाकवून मिस्त्रीनं काटा बऱ्यापैकी जुळवला. पाचशे किलोमीटरनंतर पट्टे पुन्हा आवळले, फिल्टर बदललं, तळाच्या नटातून वाटीभर डिझेल काढलं. स्वच्छ होतं. परवा हंगाम संपवून गाडी दारात उभी केली, तेव्हा टाकी पूर्ण भरूनच, गळ्याखाली चार बोटं सोडून. कामटी सीटमागे पडलेली आहे. काटा आता बरोबर चालतो, तरी ड्रायव्हर निघण्याआधी तीच बुडवतो.

नमस्कार.