साडेचारची एसटी दोनला कशी आणायची?

नमस्कार श्रोतेहो, आणि विशेष करून गावाहून तालुक्याला कॉलेजसाठी ये-जा करणाऱ्या मुलामुलींनो,

वक्तृत्व स्पर्धेतल्या ढाली तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असतील. पण समोरच्याला पटवणं हे काम निराळं. तिथं टाळ्या नसतात.

समजा, कॉलेज दीडला सुटतं आणि गावाकडची एसटी साडेचारला. मुली तीन तास स्थानकात ताटकळतात. आगारात जाऊन तुम्ही म्हणालात, ‘मराठवाड्यावर कायम अन्यायच झाला’, तर ते खोटं नाही. पण आगार व्यवस्थापकानं त्यावर करायचं काय? त्याची अडचण वेगळी आहे. गाड्या मोजक्या, चालक मोजके, आणि फेरी रिकामी धावली तर वरिष्ठांना उत्तर त्यालाच द्यायचं. तेव्हा कोणत्या गावच्या किती मुली, पास किती जणींकडे, वाटेत आणखी कोण चढेल, हे लिहून न्या. नवी गाडी मागितली की ‘गाडी नाही’ म्हणून विषय संपतो. आहे तीच फेरी दोनला आणा म्हटलं, की त्याला वेळापत्रक उघडावं लागतं.

हां, पण साडेचारला बाजारकरी येतात. त्यांच्याशी आधी बोला, नाहीतर आठवड्यानं त्यांचंच निवेदन तुमच्याविरुद्ध जाईल!

१९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी पुढे होते. विकास हा शब्द मोठा, पण रुंदमापी (ब्रॉडगेज) रेल्वे ही मागणी कुणालाही कळेल अशी होती.

गावाचा ठराव जोडलात तर वजन वाढतं. १८ वर्षं पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आलं, की ग्रामसभेत बोलायचा हक्क तुमचाच. मात्र सरपंचांना भर सभेत कोंडीत पकडू नका. आदल्या दिवशी घरी जाऊन, ‘काका, उद्या एवढा विषय घ्या’ म्हणा. आणि बोलू द्या त्या ताटकळणाऱ्या मुलीलाच. तिच्या वतीनं दादालोकांनी भाषण ठोकायची गरज नाही.

निवेदन देतानाचा फोटो स्टेटसला जरूर ठेवा, पण दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक (निवेदन मिळाल्याचा नोंदणी क्रमांक) आणि शिक्का घेतल्याशिवाय आगारातून हलू नका. काहीच हाललं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये. ‘अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली?’ एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.