प्रॉमंटरीजवळ गाडीतून पडलेले कॅनन

श्रोतेहो, नमस्कार.

१ फेब्रुवारी १८८५ या दिवशी, रविवारी, अमेरिकेच्या युटा प्रांतातील सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन या, त्या काळी बहुपत्नीत्व धर्ममान्य समजणाऱ्या, ख्रिस्ती पंथाचे अध्यक्ष जॉन टेलर यांनी भरसभेत प्रवचन केले आणि त्यानंतर ते आपल्या अनुयायांना जाहीरपणे पुन्हा कधीच दिसले नाहीत. पुढची जवळजवळ अडीच वर्षे शेतकरी अनुयायांच्या घरांतून मुक्काम हलवीत, पत्रांच्या आणि निरोप्यांच्या मदतीने पंथाचा कारभार चालवीत ते राहिले, आणि २५ जुलै १८८७ रोजी केसव्हिल या गावी अशाच एका घरात लपलेले असताना त्यांचे निधन झाले. १८४४ मध्ये पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना जमावाने कार्थेजच्या तुरुंगात ठार केले, तेव्हा त्याच कोठडीत गोळ्या लागून जखमी झालेला आणि तरीही वाचलेला हा माणूस होता. अशा माणसाला भित्रा म्हणणे अवघड आहे. मग तो लपला का?

याचे उत्तर १८८२ च्या एडमंड्स कायद्यात आहे. बहुपत्नीत्वाला बंदी घालणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत १८६२ पासूनच होता. परंतु मॉर्मन विवाह मंदिरात, खाजगी रीतीने होत असल्यामुळे दुसरे लग्न झाले हे न्यायालयात सिद्ध करणे सरकारला जवळजवळ अशक्य होई. एडमंड्स कायद्याने ही अडचण एका फटक्यात दूर केली. एकाहून अधिक स्त्रियांबरोबर संसार थाटून राहणे हाच गुन्हा ठरविण्यात आला, आणि त्याला सहा महिने कैद व तीनशे डॉलर दंड अशी कमाल शिक्षा ठेवण्यात आली. हा मुद्दा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा: लग्न सिद्ध करण्याची गरज उरली नव्हती, एकत्र राहणे पुरेसे होते. त्यातही स्थानिक न्यायाधीशांनी एक युक्ती काढली. एकाच सहजीवनाचे कालखंड पाडून प्रत्येक खंडासाठी वेगळा खटला भरायचा, म्हणजे सहा महिन्यांची शिक्षा हवी तितकी लांबविता येई. लोरेन्झो स्नो या वयोवृद्ध नेत्याला अशाच तीन शिक्षा एकापाठोपाठ एक झाल्या होत्या. १८८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी बेकायदा ठरविली तेव्हा ते सुटले. बहुपत्नीत्वाची भलामण मी करणार नाही. पण कायदा योग्य असला म्हणजे तो राबविण्याची प्रत्येक तऱ्हा योग्य ठरते, असे मानणाऱ्या लोकांशी माझे कधीच जमलेले नाही.

आता जॉर्ज कॅनन यांच्याकडे वळू, कारण या सगळ्या काळाचे चित्र त्यांच्या एका प्रवासात जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कोठेही दिसत नाही. कॅनन मूळचे इंग्लंडमधील लिव्हरपूलचे. त्यांची आत्या ही जॉन टेलर यांची पत्नी, त्यामुळे टेलर हे त्यांच्या आत्याचे यजमान होते, आणि पंथाच्या कारभारात ते टेलर यांचे पहिले सल्लागार होते. विशेष म्हणजे १८७३ पासून युटा प्रांताचे प्रतिनिधी म्हणून ते वॉशिंग्टनच्या संसदेत बसत असत आणि तेथील राजकारण्यांना नावानिशी ओळखत असत. १८८२ मध्ये बहुपत्नीत्वाच्या कारणावरून त्यांची जागा काढून घेण्यात आली, आणि त्यानंतर चार वर्षांच्या आत, काल संसदेत असलेल्या या गृहस्थांच्या अटकेसाठी पाचशे डॉलरचे इनाम जाहीर झाले.

फेब्रुवारी १८८६ मध्ये कॅनन मेक्सिकोच्या दिशेने निघाले. मॉर्मन कुटुंबांना आश्रय मिळावा म्हणून तेथे वसाहतीसाठी जमीन पाहण्याचे काम चालू होते. परंतु युटातून बाहेर पडायचे म्हणजे रेल्वेने जायचे, आणि रेल्वेच्या रुळाशेजारून तारायंत्राची तार जात होती. माणसाची गाडी पोहोचण्यापूर्वी त्याची खबर पुढच्या स्थानकावर पोहोचत असे. नेवाडा राज्यात कॅनन यांना अटक झाली आणि त्यांना परत नेण्यासाठी युटाचे मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे अटक करणारे अधिकारी, आयर्लंड नावाचे गृहस्थ स्वतः नेवाडात गेले. परतीची गाडी रात्रभर धावत पूर्वेकडे येत होती, आणि ती युटात शिरून प्रॉमंटरीच्या परिसरात आली असताना कॅनन डब्याच्या टोकाशी असलेल्या मोकळ्या सज्जावर आले आणि धावत्या गाडीतून खाली पडले.

पडले, की त्यांनी उडी मारली? यावर तेव्हा युटातील प्रत्येक माणसाचे स्वतःचे मत होते, आणि ते तो कोणत्या बाजूचा आहे यावरून आधीच सांगता येत असे. कॅनन यांचे म्हणणे असे होते की गाडीला हिसका बसला आणि ते फेकले गेले. विरोधकांचे म्हणणे असे की हा पळून जाण्याचा सरळसरळ प्रयत्न होता. माझे स्वतःचे मत विचाराल, तर एकोणसाठाव्या वर्षी फेब्रुवारीच्या थंडीत धावत्या गाडीतून अंधारात उडी मारण्याचा बेत आखणारा माणूस इतका विचारी राजकारणी असू शकत नाही. मात्र पडल्यानंतर ते जागेवर बसून राहिले नाहीत, रुळांच्या कडेने चालू लागले, हेही तितकेच खरे आहे. नाकाचे हाड मोडले होते आणि सर्वांगाला मार लागला होता. गाडीत कैदी नाही हे लक्षात येताच शोध सुरू झाला आणि त्यांना पुन्हा ताब्यात घेण्यात आले.

प्रॉमंटरी हे ठिकाण श्रोत्यांपैकी काहींच्या कानावरून गेले असेल. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणाऱ्या लोहमार्गाची दोन टोके १० मे १८६९ रोजी येथेच जुळविण्यात आली आणि त्या प्रसंगी सोन्याची खीळ ठोकण्यात आली. मॉर्मन मंडळी या वाळवंटात येऊन राहिली होती ती कोणी आपल्या वाटेला जाऊ नये म्हणून, आणि त्या लोहमार्गाने सैन्य, न्यायाधीश, वार्ताहर व मार्शल या सर्वांना त्यांच्या दाराशी आणून सोडले. रेल्वेमुळे देश एक होतो असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. ज्यांना एक व्हायचे नव्हते त्यांचे म्हणणे मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

जखमी कॅनन यांना सैनिकांच्या पहाऱ्यात खास गाडीने सॉल्ट लेक सिटीला आणण्यात आले. सहा महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला सैनिकांचा पहारा! त्यांचा जामीन एकूण पंचेचाळीस हजार डॉलर ठरला. मार्चमध्ये खटल्याची तारीख आली तेव्हा टेलर यांच्या सांगण्यावरून कॅनन न्यायालयात हजर झाले नाहीत, जामिनाच्या रकमेवर पाणी सोडण्यात आले, आणि ते पुन्हा भूमिगत झाले. पुढच्या वर्षी टेलर गेले तेव्हा कॅनन त्यांच्या अखेरच्या दिवसांत जवळ होते, पण अंत्ययात्रेत उघडपणे सामील होणे त्यांना शक्य नव्हते. शेवटी सप्टेंबर १८८८ मध्ये ते स्वतःहून हजर झाले. नव्या न्यायाधीशांनी त्यांना १७५ दिवसांची कैद आणि ४५० डॉलर दंड ठोठावला. त्या तुरुंगवासातील एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे: पट्ट्यापट्ट्यांचे कैद्याचे कपडे घातलेले अनेक सहकारी आणि त्यांच्यामध्ये कॅनन.

आता स्त्रियांविषयी सांगितले पाहिजे, कारण सहजीवनाचा पुरावा म्हणजे अखेर कोण? दुसरी पत्नी आणि तिचे मूल. पती लपला तरी गरोदर स्त्री न्यायालयाच्या दृष्टीने चालताबोलता पुरावा होती, म्हणून पतीइतकेच तिलाही लपावे लागे. पुन्हा सांगतो: या काळात भूमिगत झाले ते केवळ नेते नव्हते. कॅनन यांचे बंधू अँगस यांच्या चौथ्या पत्नी मार्था ह्यूज कॅनन या मिशिगन विद्यापीठाच्या पदवीधर डॉक्टर होत्या. त्यांनी ज्या स्त्रियांची बाळंतपणे केली होती त्यांच्याविरुद्धही त्यांची साक्ष काढली जाऊ शकत होती, म्हणून १८८६ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला निघून गेल्या. १८८७ च्या एडमंड्स–टकर कायद्याने तर पंथाची मालमत्ता जप्त करण्याबरोबरच युटाच्या स्त्रियांना १८७० पासून असलेला मतदानाचा हक्कही काढून घेतला. ज्यांना अन्यायातून सोडवायचे असे सांगितले जात होते, त्यांचेच मत काढून घेतले गेले.

जाता जाता एक गोष्ट, कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. १८७९ च्या रेनॉल्ड्स या मॉर्मनावरील बहुपत्नीत्वाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मश्रद्धा आणि आचरण यांत फरक करताना पतीच्या चितेवर जळू पाहणाऱ्या पत्नीचे उदाहरण दिले होते. आणि १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नरसू अप्पा माळी खटल्यात हिंदूंच्या द्विभार्याबंदीचा कायदा तपासला जात होता तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मॉर्मनांविरुद्धच्या एका अमेरिकी निकालाचा आधार घेतला. त्या पीठावर त्यांच्याबरोबर गजेंद्रगडकर होते.

टेलर यांच्यानंतर आलेले विल्फर्ड वुड्रफ यांनीही अनेक महिने दक्षिण युटात लपून काढले होते. सप्टेंबर १८९० मध्ये त्यांनी नवे बहुपत्नी विवाह थांबविण्याचा सल्ला देणारे पत्रक काढले. ६ ऑक्टोबरला सभेने ते मान्य केले, आणि ते का मान्य करावे हे समजावून सांगण्यासाठी त्याच व्यासपीठावर उभे राहिले जॉर्ज कॅनन. चोरून होणारे विवाह मात्र त्यानंतरही पूर्णपणे थांबले नाहीत, म्हणून १९०४ मध्ये दुसरे पत्रक काढावे लागले.

दरम्यान १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला आणि स्त्रियांचे मत परत आले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत डॉक्टर मार्था कॅनन डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहिल्या. रिपब्लिकन उमेदवारांच्या यादीत त्यांचे पती अँगस होते. मार्था निवडून आल्या, अमेरिकेतील राज्य सिनेटच्या पहिल्या स्त्री सदस्य ठरल्या, आणि अँगस हरले.