घाट चढून जाणारी मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

२६ एप्रिल २०२३ ची रात्र. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातलं पीएनसी पार्क हे बेसबॉलचं मैदान. आठवा डाव चालू आहे आणि सामना यजमान पिट्सबर्ग पायरेट्सच्या खिशात आहे. अशा वेळी पायरेट्स आपल्या सगळ्यात लाडक्या फलंदाजाला, अँड्र्यू मकचनला, बाहेर बसवतात आणि त्याच्या जागी एक नवा खेळाडू बॅट घेऊन येतो. नवा म्हणजे तेहतीस वर्षांचा. ड्रू मॅगी त्याचं नाव. सगळं मैदान उठून उभं राहतं. टाळ्या काही थांबत नाहीत. मॅगी उभा राहतो आणि तीन स्ट्राइक होऊन बाद होतो. भोपळा. मान खाली घालून परत निघतो, तर लोक पुन्हा टाळ्या वाजवतात.

इकडे घरी टीव्हीसमोर माझ्या नवऱ्यानं विचारलं, "अगं, बाद झाला ना तो? मग तू रडतेस कशाला?"

त्या "कशाला"चं उत्तर तेव्हा मला धड देता आलं नव्हतं. आज प्रयत्न करते.

मॅगीला पायरेट्सनंच २०१० साली, नव्या खेळाडूंच्या निवडीच्या पंधराव्या फेरीत उचललं होतं. तिथून तो तेरा हंगाम मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायऱ्यांवर, खेळत राहिला. १,१५५ सामने. मधल्या काळात संघ बदलले, शहरं बदलली, मालक बदलले, आणि शेवटी तो फिरून पायरेट्सकडेच आला. २०२१ मध्ये मिनेसोटा ट्विन्सनं त्याला वर, म्हणजे मोठ्या मेजर लीगमध्ये, बोलावलं होतं खरं, पण सामन्यात उतरवलंच नाही. बाकावर बसवून परत पाठवलं. मग २०२३ मध्ये जागा झाली ती कशी? पायरेट्सच्या एका मुख्य खेळाडूच्या घरी कुणीतरी गेलं आणि तो दुखवट्याच्या रजेवर गेला. ही रजा तीन ते सात दिवसांची असते. म्हणजे मॅगीला बोलावणं आलं तेच परतीच्या तिकिटासकट.

आता ही मायनर लीग म्हणजे काय, ते क्रिकेटवाल्यांना थोडं सांगायला हवं. आपली रणजी आणि ही वेगळी. मुंबईचा संघ मुंबईचा असतो, तो जिंकावा म्हणून खेळतो. अमेरिकेत तीस मोठे क्लब आहेत आणि प्रत्येकाच्या खाली चार पायऱ्या: सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. असे एकशेवीस संघ. पायरेट्सची शिडी फ्लोरिडातल्या ब्रेडंटनला सुरू होते, मग ग्रीन्सबरो, मग अल्टूना, मग इंडियानापोलिस, आणि सगळ्यात वर पिट्सबर्ग. खालच्या गावांमध्ये मैदान, पॉपकॉर्न, शनिवारचे फटाके हे सगळं गावाचं. पोरं मात्र पिट्सबर्गची. आज कोण फलंदाजी करणार, कोणी किती चेंडू टाकायचे, हे वरून ठरतं. आणि तुमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फारच सुरेख टाकायला लागला, की एके दिवशी सकाळी तो गेलेला असतो. तुमचा संघ स्पर्धेत पहिला येण्याच्या बेतात असला तरी. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं अशा संघाच्या नादी लागू नये. मी लागले.

याला कारण माझं गाव. मी मूळची कर्जतची. माझे वडील रेल्वेत होते, आणि आमचं बालपण बँकर इंजिनांच्या आवाजात गेलं. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबायची, तिच्या मागे बँकर लागायचे, ते तिला बोरघाट चढवून लोणावळ्यापर्यंत ढकलत न्यायचे. तिथे सुटे व्हायचे आणि खाली परत, पुढच्या गाडीसाठी. गाडीतल्या लोकांना पत्ताही नसायचा. त्यांचं सगळं लक्ष वड्यांकडे.

२०११ मध्ये आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला राहायला गेलो. हे कॉलेजचं नव्हे, गावाचं नाव आहे; ते समजायला मलाही दोन दिवस लागले. तिथून पाऊण तासावर अल्टूना. हे रेल्वेनं वसवलेलं गाव. गावाबाहेर डोंगरात रुळांना घोड्याच्या नालेसारखं एक मोठं वळण दिलंय, १८५४ सालचं. आपला बोरघाट त्यानंतरचा, १८६३ चा. पिट्सबर्गकडे जाणाऱ्या मालगाड्यांना ते वळण चढायला अजूनही मदतीची इंजिनं लावतात. आणि अल्टूनाच्या बेसबॉल संघाचं नाव काय, तर कर्व्ह. वळण! आता मी कुठे जाणार?

मैदान छोटंसंच. उजव्या हाताच्या कुंपणापलीकडे जुन्या करमणूक उद्यानातला लाकडी रोलर कोस्टर दिसतो. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे, चौथ्या-पाचव्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी एक उंच पोरगा, मांडीवर पॅड, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडू पडला की काहीतरी खूण करायचा. मला वाटलं, विद्यार्थी असेल, प्रकल्पबिकल्प करत असेल. सहाव्या डावात कळलं, तो उद्याचा पिचर. ज्याची पाळी उद्या, त्यानं आज प्रेक्षकांत बसून प्रत्येक चेंडूची नोंद करायची, अशी तिथली जुनी रीत. एवढ्या जवळून चेंडूचा ग्लोव्हमध्ये बसण्याचा आवाज ऐकू येतो, ओल्या कपड्यावर धोपटणं मारल्यासारखा. त्या पोराचे डोळे मिटले होते. तो आवाजावरून ओळखत होता, चेंडू कुठला ते.

त्या दिवशी मी मुलाची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही काढली आणि नावं लिहायला सुरुवात केली. नाव, जागा, कधी पाहिला. शेवटचा रकाना रिकामा: वर गेल्याची तारीख. बहुतेक नावांपुढे तो रिकामाच आहे.

काही भरले, आणि फार लवकर भरले. २०२३ चंच पाहा. एप्रिलमध्ये अल्टूनाच्या संघात होता मॅगी, तेरा वर्षं घासलेला. ऑगस्टमध्ये त्याच संघाचे कपडे घालून आला पिचर पॉल स्कीन्स. जुलैत अख्ख्या देशातून पहिल्या क्रमांकावर निवडलेला, हातात ब्याण्णव लाख डॉलर. अल्टूनासाठी त्यानं दोन सामने टाकले. पुढच्या वर्षी ११ मे रोजी तो पिट्सबर्गमध्ये होता, आणि वर्षाखेरीस सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला मिळाला. त्याच्या पुढच्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. त्याची तारीख लिहिताना मला काहीच वाटलं नाही, खरं सांगते. राजधानी एक्स्प्रेस कर्जतला थांबली काय आणि न थांबली काय.

पैशाचं थोडक्यात सांगते. २०२३ पर्यंत डबल एच्या खेळाडूला वर्षाला किमान १३,८०० डॉलर मिळत. त्या वर्षी पोरांची युनियन झाल्यावरचा पहिला करार झाला आणि आकडा ३०,२५० वर गेला. त्याच वर्षी वरच्या लीगमधलं किमान वेतन होतं ७ लाख २० हजार. हिशेब मांडला तर डबल एची वर्षभराची कमाई वर साधारण आठ दिवसांत होते. आणि वर ४३ दिवस भरले की पेन्शन लागू. त्यामुळे एखाद्याला दहा दिवसांसाठी बोलावलं, तर गावात सगळे बोटांवर मोजत बसतात. आपल्याकडे मस्टरवर हजेऱ्या भरायच्या, तसंच.

जे कधीच गेले नाहीत त्यांच्यासाठी मी नेहमी डेव्ह कोझाची गोष्ट सांगते. १९८१ सालची, ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेटची. १८ एप्रिल, ईस्टरच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. ट्रिपल एचा सामना, पॉटकेट विरुद्ध रोचेस्टर. बेसबॉलमध्ये नऊ डावांनंतर बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं. खेळत राहिले. एकविसाव्या डावात रोचेस्टरनं एक धाव काढली आणि सगळ्यांना हायसं वाटलं, तर पॉटकेटच्या वेड बॉग्जनं बरोबरी करून टाकली. मध्यरात्र उलटली. गारठा असा, की खेळाडूंनी पिंपात तुटक्या बॅटी पेटवून हात शेकले. रात्री अमुक वाजता खेळ थांबवावा असा लीगचा नियम होता, पण पंचांकडच्या पुस्तकात तेवढाच नियम छापायचा राहिला होता! लुइस अपोंते नावाचा पिचर आपलं काम आटोपून तीनच्या सुमाराला घरी गेला, तर बायको दार उघडेना. मैदानावर होतो म्हणाला. हे कोण खरं मानणार? शेवटी लीगच्या अध्यक्षांना फोन लागला आणि पहाटे चार वाजून सात मिनिटांनी खेळ थांबला. बत्तीस डाव, आणि बरोबरीच. प्रेक्षक उरले होते एकोणीस.

उरलेला खेळ २३ जूनला झाला. तेव्हा वरच्या लीगचे खेळाडू संपावर होते, म्हणून देशभरचे पत्रकार रिकामे. ते सगळे पॉटकेटला लोटले. अठरा मिनिटांत सामना संपला. तेहतिसाव्या डावात डेव्ह कोझानं फटका मारला आणि पॉटकेट ३-२ जिंकलं.

त्या रात्री तिसऱ्या बेसवर, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या एकाच जागी, एका बाजूनं खेळत होता बॉग्ज, दुसऱ्या बाजूनं कॅल रिपकन. रिपकन त्याच ऑगस्टमध्ये वर गेला आणि पुढे सलग २,६३२ सामने खेळला. बॉग्जच्या नावावर ३,०१० हिट, म्हणजे यशस्वी फटके. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. कोझानं त्या सामन्यात पाच हिट मारले होते, बॉग्जपेक्षा एक जास्त. तो वर कधीच गेला नाही.

आपल्याला हे कळायला अवघड नाही. १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारतासाठी एकही सामना नाही. २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून मैदानात उभा होता तोच. मी तेव्हाही रडले. नवऱ्यानं या वेळी कारण विचारलं नाही.

पायरेट्सच्या या शिडीवर आपलीही दोन पोरं चढली होती. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे उत्तर प्रदेशातले, भालाफेक करणारे. २००८ च्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच नोव्हेंबरमध्ये पायरेट्सनं दोघांशी करार केला. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. दिनेश दोन वर्षांत परतला. रिंकू सिंगल एपर्यंत पोचला, मग हाताच्या दुखापती मागे लागल्या. अल्टूनापर्यंत काही ते आले नाहीत. आले असते तर वहीत त्यांची नावं मी देवनागरीत लिहिली असती, एवढं नक्की.

मॅगीचं पुढे काय झालं, ते राहिलंच. त्या रात्रीनंतर तीनच दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये त्याला पहिला हिट मिळाला. एकूण सहा वेळा बॅट धरली, दोन हिट. रजेवरचा खेळाडू परत आला होता, मग मॅगीला खाली पाठवलं. ज्याच्या जागी तो त्या रात्री आला तो मकचनही एके काळी, २००६-०७ मध्ये, अल्टूनालाच खेळलेला. याच घाटातून वर गेलेला. त्या दोघांनी बाकावर एकमेकांना काय म्हटलं असेल, याचा मी अजून विचार करते.

मॅगी पिट्सबर्गला गेल्यानंतर मी अल्टूनाला गेले तेव्हा थंडी होती, स्टँड निम्मे रिकामे. मी वही उघडली, मॅगीच्या नावापुढे २६ एप्रिल लिहिलं. समोर त्याच्या जागेवर एक कोवळा पोरगा उभा होता, पायानं माती सारखी करत. शेजारच्या आजोबांना मी विचारलं, हा कोण? त्यांनी नाव सांगितलं. मला नीट कळलं नाही. मग त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, आणि मी लिहून घेतलं.

नमस्कार.