गुण द्यायचा हक्क मोजून द्या

श्रोतेहो, नमस्कार. मृग बहरात डाळिंबाच्या पानावर तेलकट डाग दिसले की सांगोल्याचा, मंगळवेढ्याचा बागाईतदार मोबाईल काढतो, शेतकऱ्यांच्या गटावर फोटो टाकतो आणि विचारतो, "तेल्याच आहे का? काय मारू?" उत्तरं धडाधड येतात. एक जण बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) सांगतो, दुसरा स्वतःच्या दुकानातली बाटली खपवतो, तिसरा 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं फूल डकवतो. (या फुलांवर टोलनाका बसवायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.) चर्चा चालवणारा एकटा माणूस किती निवडणार? म्हणून सदस्यांनीच उत्तरांना गुण द्यायचे. पण हा हक्क मोजून द्यायचा. पुन्हा सांगतो, मोजून.

यावरचा स्लॅशडॉट या संकेतस्थळाचा किस्सा ऐकाच. 1997 साली मिशिगनमधल्या एका कॉलेजातल्या रॉब माल्डा या विद्यार्थ्यानं ही संगणकवेड्यांची चर्चेची जागा काढली. सुरुवातीला दिवसाला काही डझन प्रतिक्रिया. नको ती तो स्वतःच उडवायचा. मग गर्दी उसळली. त्यानं मदतीला पंचवीसेक माणसं घेतली. तीही पुरेनात, तेव्हा चारशे घेतली. चारशे म्हटल्यावर काहींनी हक्काचा दुरुपयोग केलाच! शेवटी त्यानं कायमचे पंच ठेवणंच सोडलं. नियमित वाचणाऱ्या, खातं जुनं असलेल्या सदस्यांतून कुणाच्याही पदरात इतरांना द्यायचे पाच गुण अचानक पडायचे. तीन दिवसांत वापरले नाहीत तर गेले. प्रतिक्रियेची पट्टी उणे एक ते पाच. नाव लपवणारा शून्यावर सुरू, खातेदार एकावर. ज्या चर्चेत तुम्ही बोललात, तिथे गुण द्यायचे नाहीत. आणि 'विनोदी' असा शेरा मिळाला तर प्रतिक्रिया वर चढायची, पण लिहिणाऱ्याची पत वाढायची नाही. आपल्याकडे हा एक नियम आला तर निम्मे विनोदवीर गारठतील! पुढे 1999 मध्ये पंचांवरही पंच आले. दिलेले शेरे रास्त की गैर, हे इतर सदस्य तपासू लागले.

तर मोजून म्हणजे असं: थोडे गुण, थोडे दिवस, आणि देणाऱ्याचीही तपासणी.

तरी एक खोट राहते. क्लिफ लँप आणि पॉल रेस्निक या संशोधकांनी 2004 मध्ये स्लॅशडॉटवरच अभ्यास केला. उशिरा आलेल्या चांगल्या प्रतिक्रियेकडे गुण देणाऱ्यांचं लक्षच कमी जातं, असं त्यात दिसलं. म्हणून नव्या उत्तरांना काही वेळ वरची जागा द्या.

दुसरी खोट हिशेबातली. तीनपैकी तीन मतं अनुकूल म्हणजे शंभर टक्के, पन्नासपैकी पंचेचाळीस म्हणजे नव्वद. नुसती टक्केवारी लावली तर तीन मतांचं उत्तर वर बसतं, आणि तीन मतं तर दुकानदाराचे तीन मेहुणेही देतील. संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सनच्या 1927 च्या सूत्रानं 95 टक्के खात्रीची खालची मर्यादा काढा, म्हणजे मतं थोडी असल्याची शंका धरूनही खरी पसंती निदान किती टक्के, तो आकडा. पहिल्याला साधारण 44 मिळतात, दुसऱ्याला 79. उत्तरं या आकड्यानं लावा, टक्केवारीनं नको.

औषधाची मात्रा मात्र मतांवर सोडू नका. एक टक्का बोर्डोला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. दोन किलो मोरचूद सांगणाऱ्याला दोनशे अंगठे मिळाले, तरी पान करपायचं ते करपतंच. मात्रेचं उत्तर चालकानं सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीशी ताडून पाहावं, बरोबर असेल ते सगळ्यांत वर अडकवून ठेवावं आणि त्यापुरते गुण बंद करावेत.