वाड्यातले हवेचे पिस्तूल

श्रोतेहो, नमस्कार.

दसऱ्याला आपल्याकडच्या जुन्या मालगुजारी वाड्यांत शस्त्रे पूजेसाठी बाहेर निघतात. तलवार, भाला, कुऱ्हाड यांच्या रांगेत एखाद्या घरी पोलादाचे, हाताला जड लागणारे एक लहानसे पिस्तूलही पाटावर येते, आणि 'पणजोबांना कोणा साहेबाने दिले होते' एवढीच त्याची ओळख उरलेली असते. यवतमाळ जिल्ह्यातील एका घरी असे पिस्तूल मला दाखवण्यात आले तेव्हा ते चिंच आणि राखेने घासून चांदीसारखे लखलखीत केलेले होते. घरच्यांनी ते भक्तिभावानेच केले होते. पण त्या घासण्याने त्याची बरीचशी किंमत धुऊन गेली होती, हे त्यांना सांगणे मला फार अवघड गेले.

हे पिस्तूल बारुदाचे नसते. त्याच्या पोटात एक स्प्रिंग आणि दट्ट्या असतो. स्प्रिंग दाबून अडकवायची, नळीत शिशाचा छर्रा ठेवायचा आणि चाप ओढला की दट्ट्या सुटून हवा दाबतो व ती हवा छर्रा ढकलते. जुने पिस्तूल हाती आले की 'चालते का पाहू' म्हणून ते रिकामे ओढून पाहण्याचा मोह होतो, तो कृपा करून टाळावा. छर्रा नसला की दट्ट्यापुढे हवेची गादी तयार होत नाही आणि तो थेट धातूवर आदळतो. शिवाय आपल्या उन्हाळ्यांत आतील चामड्याचे वॉशर वाळून पापडासारखे झालेले असते. आधी नळीत जुना छर्रा अडकलेला नाही ना, हे पाहावे, नळीचे तोंड कोणाकडेही न करता पिस्तूल स्वच्छ कापडावर ठेवावे आणि सोनाराकडचे भिंग घेऊन बसावे.

ओळख पटते ती अक्षरांवरून. आपल्याकडे वेब्लीचे पिस्तूल मिळण्याचा संभव बराच असतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर सांगतो. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट या कारखान्याने १९२४ साली 'मार्क वन' हे आपले पहिले हवेचे पिस्तूल बाजारात आणले. त्याची रचना डग्लस जॉन्स्टन आणि जॉन फर्न या दोघांची होती. त्यात नळी दट्ट्याच्या नळकांड्यावर आडवी निजलेली असते आणि पुढच्या टोकाशी बिजागरीने जोडलेली असते. मागची बाजू उचलून नळी पुढे उलटली की तिच्याबरोबर स्प्रिंग दाबली जाते, म्हणजे नळी हाच तरफेचा दांडा होतो. चाप ओढल्यावर दट्ट्या पुढे न जाता मागे, नेम धरणाऱ्याच्या दिशेने धावतो. एवढ्या लहान आकारात एवढी लांब नळी बसवण्याची ही युक्ती मला आजही थक्क करते. अगदी सुरुवातीच्या मार्क वनच्या मुठीवर लाकडी पट्ट्या होत्या आणि त्याला सुरक्षा-खटका नव्हता, म्हणून असा नमुना दुर्मीळ समजतात. १९२९ साली 'ज्युनिअर' आले, ते आतून गुळगुळीत नळीचे होते. १९३० साली 'सीनिअर' आले, त्याची नळी मागच्या बाजूला रिकिबीसारख्या कडीने अडकते.

याहून दुर्मीळ म्हणजे त्याच शहरातील वेस्टली रिचर्ड्स या कारखान्याचे 'हायेस्ट पॉसिबल'. एडविन ॲन्सन यांच्या १९०७ च्या पेटंटावर ते बनले, आणि ते नाव कोणा वाड्यात वाचायला मिळालेच तर वस्तू कोणाच्याही हाती देऊ नये.

जर्मन पिस्तुलांवर 'डी.आर.पी.' किंवा 'डी.आर.जी.एम.' अशी रोमन लिपीतील आद्याक्षरे दिसतात. ती १९४५ पूर्वीच्या जर्मन नोंदणीची आहेत. 'पश्चिम जर्मनी' असे कोरलेले असेल तर वस्तू उघडच १९४९ नंतरची. 'डायना'च्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. धनुष्य टाकून बंदूक उंचावणारी देवी हे राष्टाटच्या जर्मन कारखान्याचे चिन्ह. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील यंत्रे आणि ते नाव स्कॉटलंडच्या मिलार्ड ब्रदर्सकडे गेले, त्यामुळे डायनाच्या नावाखाली 'ग्रेट ब्रिटन' लिहिलेले असेल तर ते पिस्तूल साहेबाच्या काळातील नाही, घरातली आठवण काहीही सांगो.

आता किमतीकडे वळू. संग्राहक पैसे मोजतो ते मूळ अंगासाठी, म्हणजे कारखान्याने चढवलेल्या निळसर-काळ्या मुलाम्यासाठी किंवा निकेलसाठी. डागाळलेला का असेना, मूळ मुलामा नव्या चकाकीपेक्षा अधिक मोलाचा. घासून पुन्हा काळे केलेले पिस्तूल ओळखता येते : अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि स्क्रूच्या खाचा फाटलेल्या दिसतात. म्हणून हळदकुंकू पिस्तुलावर न वाहता पाटावर वाहावे, आणि पूजा झाल्यावर मऊ कोरड्या कापडाने पुसून यंत्राच्या पातळ तेलाचा हलका हात फिरवावा. करडईचे तेल मुळीच लावू नये, ते वाळून चिकट थर धरते. भावाचा अंदाज घेताना विक्रेत्याने मागितलेला आकडा पाहू नये, त्याच नमुन्याचे, त्याच अवस्थेतील पिस्तूल लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले ते पाहावे. विलायतेतील आकडा येथे तसाच मिळेल असेही नाही. ऐतिहासिक मोलाची, १०० वर्षे पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि मग ती खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

दुसरा कायदा त्याहून निकडीचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा आतील व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .१७७ इंचापेक्षा, अधिक असेल किंवा छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक असेल, तर हवेच्या पिस्तुलालाही परवाना लागतो. वेब्ली .१७७ मध्येही येत आणि .२२ मध्येही. अंगावर आकडा नसेल तर लेथवाल्याकडच्या व्हर्नियरने नळी आतून मोजून घ्यावी, आणि .२२ निघाल्यास मूल्य विचारण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर मार्ग विचारावा.

यवतमाळच्या त्या घरचे पिस्तूल .१७७ चे मार्क वन निघाले. मी निघताना घरातल्या आजींना सहज विचारले की याच्यासोबत आणखी काही आले होते का. त्या देवघरात गेल्या आणि कापसाच्या फुलवातींनी भरलेला एक तपकिरी पुठ्ठ्याचा खोका घेऊन आल्या. वाती बाजूला काढल्या, तर झाकणाच्या आत कारखान्याचे छापील लेबल शाबूत होते आणि तळाशी घडी केलेले माहितीपत्रक होते. पिस्तुलाचे अंग गेले होते. पण मूळ खोका आणि कागद यांनी गेलेल्या किमतीतला मोठा वाटा त्या घराला परत मिळवून दिला. आजींनी वातींसाठी दुसरा डबा शोधायला घेतला.